पिक्रिकची बाटली

पांढरकवडा
ता. ९ एप्रिल १९६२

मोहिउद्दीन साहेबांस खेमसिंगचा सलाम.

अक्षर ओळखलं असेल तरी पत्र फाडू नका. एवढं एक वाचा, मग काय करायचं ते करा.

तुमचा पत्ता हजराबींनी दिला. तुमच्या बहिणीच्या दारात मी तीन वर्षांत पहिल्यांदा उभा राहिलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं, मला उन्हात बराच वेळ थांबवलं आणि मग फटीतून कागदाचा चिटोरा पुढे केला. "हैदराबादले औषधाच्या दुकानात पुड्या बांधते माहा भाऊ," एवढंच बोलल्या. तुमच्यासारख्या शिकलेल्या केमिस्टने पुड्या बांधाव्या हे ऐकून मी खाली पाहिलं.

मी हे माझ्यासाठी विचारत नाही. यवतमाळच्या एका शाळेत माझ्या ओळखीचा माणूस चपराशी आहे. त्या शाळेत प्रयोगाच्या खोलीत काचेचं कपाट आहे आणि त्यात पिक्रिक ॲसिडची बाटली आहे. तशी बाटली तुम्ही मला दाखवली होती आणि पिवळ्या भुकटीच्या वर बोटभर पाणी कायम पाहिजे असं सांगितलं होतं. त्या शाळेतल्या बाटलीत पाणी घालायचं तीन वर्षं राहून गेलं. आता ते कपाट दुसऱ्या गावी न्यायचं आहे. रस्ता खाचखळग्यांचा आहे. तो विचारतो, हलवलं तर काय होईल? आणि नाही हलवलं, तिथेच राहू दिलं, तर मे महिन्याच्या उन्हात काय होईल? खोलीवर पत्रे आहेत.

इकडची हकीकत अशी की शेठने कारखाना वणीच्या एका पार्टीला विकला. तुम्ही गेल्यावर काळं वार्निश बंदच पडलं. बिबे भाजून त्यांचं तेल काढायचं आणि डबे भरून मुंबईला पाठवायचे, एवढाच धंदा उरला होता. आता कढया, तराजू, डबे, सगळं मे महिन्यात ट्रकने वणीला जाणार. तुमची तपासणीची खोली मुनीमजींनी परवा यादी करायला उघडली. तुम्ही ठेवलं होतं तसंच सगळं आहे. धूळ फार आहे.

माझी बायको रुपीबाई बरी आहे. अजून भट्टीवरच जाते.

उत्तर लवकर पाठवा. तो माणूस घाबरलेला आहे.

खेमसिंग


पांढरकवडा
ता. २० एप्रिल १९६२

साहेब,

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळी. "असं रसायन ठेवणारी शाळा यवतमाळात कोणती ते मला ठाऊक नाही. शाळेचं नाव लिही. तोवर कोणीही त्या बाटलीला हात लावायचा नाही आणि कपाटाचं दार आपटायचं नाही." खाली सही नव्हती.

शाळा नाही, साहेब. आपलीच बाटली आहे. तारपिनात डांबरी तेलाची भेसळ आहे का ते तुम्ही जिच्यातल्या भुकटीने तपासायचे, तीच. भेसळ असली की नळीत पिवळ्या सुया जमायच्या आणि तुम्ही मला बोलावून दाखवायचे.

मुनीमजींच्या मागोमाग मी खोलीत गेलो तेव्हा पहिली नजर तिच्यावरच गेली. पाणी पार आटलंय. भुकटीचा तळाशी खडा झालाय. काचेच्या बुचाभोवती बारीक पिवळे कण फुटलेत, भिंतीला लोणा फुटावा तसे. बूच त्यांनीच धरून ठेवलंय. तुम्ही म्हणाला होता ते आठवलं. ओली आहे तोवर गाय, वाळली की वाघ. आणि वाळली असेल तर बूच फिरवायचं नाही, नुसतं घासलं गेलं तरी पुरे.

मी मुनीमजींना म्हटलं, "या कपाटाले हात नोका लावू. त्यातली थे पिवळी बाटली वाईट हाय."

"वाईट म्हंजे?"

"फुटते."

"काचेची बाटली फुटतेच बे. कोनं सांगतलं तुले, त्या साहेबानं? किल्ली घेऊन पळाला थो. कपाट जसंच्या तसं चढवून देऊ गाडीत. वणीले गेल्यावर हातोड्यानं तोडतीन कुलूप."

गाडी इकबालची आहे. वणीचा तो मेकॅनिक, आता स्वतःची ट्रक चालवतो. चार लेकरांचा बाप आहे. त्याच्या पाठीमागे ते कपाट उड्या मारत वणीपर्यंत जाणार.

आणि त्याच्या आधीचं सांगतो. तुमच्या कपाटाची भिंत आणि भट्टीची भिंत एकच. या मोसमाचे शेवटचे बिबे भाजणं चालू आहे. भिंतीपलीकडे बारा बाया बसतात, त्यात रुपीबाई. काल दुपारी मी बाहेरून भिंतीला तळहात लावला आणि लगेच काढला. तव्यासारखी तापली होती.

रात्री जेवताना तिला म्हटलं, "उद्यापासून भट्टीवर जाऊ नोको."

"काहून?"

"ऊन लय हाय."

"भट्टीपाशी ऊन कवा नव्हतं?" ती म्हणाली आणि हाताला खोबऱ्याचं तेल चोळत बसली. बिबा उतून उतून तिच्या मनगटापर्यंत काळे डाग पडलेत.

किल्ली नसल्यामुळे मी काही करू शकत नाही. काय करावं ते तुम्हीच सांगा.

खेमसिंग


तांडा, केळापूरजवळ
ता. ३० एप्रिल १९६२

साहेब,

तुम्ही कार्डावर एकच प्रश्न लिहिला, किल्ली कुठे आहे. ते कार्ड चार दिवस माझ्या बंडीच्या खिशात होतं. आज सुट्टी घेऊन घरी बसलो आहे आणि लिहितो आहे.

किल्ली माझ्याकडे आहे.

हे तुम्हाला माहीतच आहे, कारण तुम्हीच ती माझ्या हातात दिली होती. मला वाटतं माझ्याच हाताने ते लिहिलेलं तुम्हाला पाहायचं होतं. तर सगळंच लिहितो.

एकोणसाठ सालच्या फेब्रुवारीत भट्टीवर कढईतला बिबा फुटला आणि उकळतं तेल मानीबाईच्या तोंडावर उडालं. तिचा डावा डोळा गेला. त्या दिवशी भट्टीत लाकडं मी घालत होतो. एवढा जाळ करू नये हे मला कळत होतं, पण मुनीमजी मागे उभे राहून "आनखी घाल, आनखी घाल" म्हणत होते. संध्याकाळपर्यंत दहा डबे भरायचे होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी सरकारच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरला पत्र लिहिलं. आणि आठ दिवसांनी शेठने तुम्हाला काढलं.

तुम्ही गेलात त्या सकाळी मला खोलीत बोलावून किल्ली दिली. "दर पंधरा दिवसांनी पाणी घालत जा. नवा माणूस आला की त्याच्या हातात किल्ली दे आणि बाटली दाखव." मी हो म्हटलं.

दुपारी शेठच्या बैठकीत मला बोलावलं. कागद आधीच लिहून ठेवला होता. तुम्ही वार्निशची कृती नागपूरच्या एका व्यापाऱ्याला विकली, नमुन्याच्या बाटल्या नेल्या आणि कपाटाची किल्ली घेऊन पळालात, हे खेमसिंगने डोळ्यांनी पाहिलं, असं त्यात होतं. मी वाचलं. वाचायला तुम्हीच शिकवलं होतं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून.

मुनीमजी म्हणाले, "मानीबाईचा डोया गेला तवा भट्टीत लाकडं कोन घालत होतं? इन्स्पेक्टर आला त नाव कोनाचं सांगावं आमी?"

मी सही केली. किल्ली तेव्हा माझ्या कमरेला होती, करगोट्याला बांधलेली.

तिसऱ्या दिवशी पोलीस हजराबींच्या घरी किल्ली शोधायला गेले. मी रस्त्याच्या पलीकडे, सायकलच्या दुकानाशी उभा होतो. त्यांनी पिठाचे डबे उलटे केले, गाद्या उसवल्या. तुमची बहीण पदर तोंडाशी धरून दारात उभी होती. मी तिथून गेलो नाही आणि पुढेही झालो नाही. त्या दिवशी घरी येऊन किल्ली ज्वारीच्या कणगीत तळाशी टाकली.

म्हणून पाणी घातलं नाही, साहेब. विसरलो नव्हतो. दर पंधरवड्याला आठवायचं. पण खोलीला मुनीमजींचं कुलूप. मला आत जाऊ द्या म्हटलं असतं तर कपाट कायनं उघडशील असं विचारलं असतं. पहिल्या वर्षी वाटलं, पुढल्या महिन्यात काही जुगत करू. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता वाळली असेल, आता जाऊच नये. मग मी भट्टीपासून लांब, डबे भरायच्या छपरात काम मागून घेतलं. मी लांब गेलो आणि बायकोला तिथेच राहू दिलं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो आहे, स्वतःजवळसुद्धा.

तुम्ही मला शिव्या देऊन पत्र पाठवा, पण त्यात बाटलीचं काय करायचं तेही लिहा.

खेमसिंग


पांढरकवडा
ता. १० मे १९६२

साहेब,

तुमचं लांब पत्र पोचलं. शिव्या नाहीत. पहिल्या पानावर नुसतं काय करायचं ते आहे, एक, दोन, तीन असे आकडे घालून, जसं तुम्ही मला पूर्वी लिहून द्यायचे. मी ते पाठ केलं आहे.

पहाटे, भिंत थंड असताना. आसपास कोणी नको. बुचावर थेंब थेंब पाणी सोडायचं, कापसाने, घाई न करता. बूच फिरवायचं नाही. बाटली दोन्ही हातांनी सरळ उचलायची, तिरपी नाही. लोखंडी बादली नको, मातीचा माठ घ्यायचा, तळाला कापूस. बाटली बुचासकट पाण्याखाली बुडाली पाहिजे. चार दिवस तशीच राहू द्यायची. मग ज्याला सुरुंगाचं काम येतं अशा माणसाच्या हवाली करायची, विहिरीत नाही, नाल्यात नाही. भिजल्यावर धोका निम्मा जातो, निम्मा राहतो.

दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलं आहे की हे चोरून होणार नाही. भिंतीपलीकडच्या बायांना उठवावं लागेल, आणि का उठवतो ते सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की किल्ली आली.

मी दहा वेळा दुसरी वाट शोधली. सुट्टीच्या दिवशी जावं, तर खोलीला कुलूप. खिडकीचे गज कापावे, तर कपाट हलेल. तुम्ही म्हणता तेच खरं आहे. पण ठाणेदारासमोर उभा राहिलो की काय होईल? खोटा जबाब दिला म्हणून मला नेतील. तांड्यात नाईक काय म्हणेल? आमच्या तांड्यातला लिहिता-वाचता येणारा मी पहिला.

गाडी वीस तारखेला येणार आहे. मी पंधरा तारखेला सांगीन. नक्की सांगीन. तोवर दिवस आहेत.

खेमसिंग


पांढरकवडा
ता. १३ मे १९६२

साहेब,

दिवस नव्हते. गाडी कालच आली.

इकबालला बकरीदीला घरी राहायचं होतं, म्हणून त्याने मुनीमजींना निरोप पाठवून खेप आधीच ठरवली. मला कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी सात वाजता कारखान्यात शिरलो तर फाटकात ट्रक उभी. चार हमाल तुमच्या खोलीत शिरत होते. पलीकडे भट्टी पेटली होती, बाया बसल्या होत्या.

मी धावलो. एका हमालाने कपाटाच्या पायाला दोर लावला होता. मी त्याचा हात धरला.

"सोड. हलवू नोको."

मुनीमजी आले. "काय लावलं बे खेमसिंग?"

"यात जे हाय थे सुरुंगासारखं हाय. पाणी आटलं त्यातलं. धक्का बसला का सपलं."

"आन तुले तीन वर्सानं आज सुचलं?"

"किल्ली माह्यापाशी हाय," मी म्हणालो. "साहेबानं नेली नव्हती. माह्यापाशी देल्ली होती पाणी घालासाठी. म्या घातलं नाई. जबाब खोटा होता."

मुनीमजींनी माझ्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा इकबाल मध्ये आला.

त्याने काचेला डोळा लावून बाटलीकडे पाहिलं. "म्या खाणीचा माल वाह्यला हाय," तो म्हणाला. "या रंगाचं काही वाह्यलं नाई. पण मानूस मार खाऊन खोटं बोलून नाई राह्यला." त्याने हमालांना बाहेर काढलं आणि गाडी पार रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभी केली.

मी भट्टीकडे गेलो. रुपीबाईला म्हटलं, "बायायले उठव. जाळ इझवा. पार वडापाशी जाऊन बसा."

तिने माझ्या गालाकडे पाहिलं आणि काही न विचारता बायांना उठवलं. मग माझ्याजवळ आली. मी तिला सांगितलं की कणगीच्या तळाशी एक किल्ली आहे, ती घरून आणायची आहे, आणि माझे पाय उचलत नाहीत.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "दोन वर्साआंधी ज्वारी काढताना हाताले लागली. कायची हाय ते ठाऊक नव्हतं. तू सांगशीन म्हणून वाट पाहून राह्यली होती."

इकबालने तिला एका हमालाच्या सायकलवर मागे बसवून तांड्यावर पाठवलं. किल्ली येईपर्यंत नऊ वाजले, पत्रे तापायला लागले होते. पहाटेची वाट पाहावी असं तुमच्या कागदात होतं. पण मुनीमजी ठाण्यात गेले होते, आणि ते शिपाई घेऊन आले की कपाट कोण कसं उघडेल याचा नेम नव्हता. म्हणून तेव्हाच केलं.

मी एकटा आत गेलो. बरोबर नवा माठ, कापूस, पाण्याचा गडू. कुलुपात आधी तेल सोडलं. किल्ली फिरवताना कुलूप कुरकुरलं तेवढ्यानेही मी डोळे मिटले. दार उघडलं. आत वास नाही, काही नाही. कापूस भिजवून बुचावर पिळत राहिलो. थेंब पडायचा आणि पिवळा होऊन खाली ओघळायचा. किती वेळ ते सांगता येणार नाही. घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात हलवायची भीती. मला सारखं वाटत होतं की माझ्या छातीचे ठोके फळीला लागताहेत.

मग दोन्ही हातांनी धरली. ती एवढी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. माठापर्यंत तीन पावलं. खाली सोडताना पाण्याने तिला वर ढकललं, ती तिरपी होऊ लागली. मी मनगटापर्यंत हात घालून तशीच दाबून धरली, बूच पाण्याखाली जाईपर्यंत. हात काढले तेव्हा पिवळे झाले होते. अजून आहेत.

माठ खोलीतच ठेवला आहे. वर ओलं पोतं टाकलं आहे. भट्टी बंद आहे. इकबाल म्हणाला, वणीकडे सुरुंग लावणारा एक म्हातारा त्याच्या ओळखीचा आहे, ईद झाली की घेऊन येतो.

शिपाई आले होते. मी ठाण्यात जाऊन सगळा जबाब दिला, मानीबाईच्या डोळ्याचासुद्धा. ठाणेदाराने दोनदा वाचून दाखवून सही घेतली. मला सोडलं आहे, पण गाव सोडायचं नाही अशी ताकीद आहे.

मी खोलीच्या बाहेर बसून हे लिहितो आहे. आत काही आवाज आला की लेखणी थांबते. उंदीर असतील.

खेमसिंग


तांडा, केळापूरजवळ
ता. १८ मे १९६२

साहेब,

काल झालं. जसं झालं तसं लिहितो.

म्हातारा सुरुंगवाला परवा संध्याकाळी पोराला घेऊन आला. माठात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, हे गाडीत घालायचं नाही, बैलगाडीत तर नाहीच. गावाबाहेर दोन मैलांवर गिट्टीची जुनी खदान आहे, तिथवर पायी न्यायचं, पहाटे, धक्का न देता. तो पुढे जाऊन भोक पाडून ठेवणार होता.

पहाटे चारला मी माठ उचलायला वाकलो. रुपीबाई आली होती. मी तिला घरी राहा म्हणून सांगितलं होतं.

"सरक," ती म्हणाली.

"तू कायले आलती?"

"तुह्ये हात पाय ना. कापून राह्यले. दोन मैल नेशीन का असा?"

माझे हात खरंच कापत होते. चार दिवसांत झोप नव्हती. तरी मी म्हटलं, "पाप माह्यं हाय, म्याच नेईन."

"पापाचं मंग पाह्य. माठ डोक्यावर न्याची सवय तुले हाय का मले? लहानपणापासून पाणी वाहून राह्यली. एक थेंब सांडत नाई माह्यावाला. तू पुढं चाल, रस्त्यातले गोटे बाजूले कर, मानसं बाजूले कर."

म्हाताऱ्याच्या पोराने आणि मी मिळून माठ तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवला. ती उठली. पाणी आत डचमळलं नाही.

साहेब, मी त्या बाटलीला तीन वर्षं भ्यालो, पण ते सगळं त्या दोन मैलांसमोर काहीच नव्हतं. मी दहा पावलं पुढे. वाकून गोटे उचलायचो आणि मागे वळून पाहायचो. अंधारात तिचं तोंड दिसत नव्हतं. हातातल्या बलोयांचा, त्या जाड बांगड्यांचा, आवाज होऊ नये म्हणून तिने त्या घरीच काढून ठेवल्या होत्या. मी वळून पाहिलं की ती बारीक आवाजात म्हणायची, "पुढं पाह्य." रॉकेलच्या दुकानापाशी कुत्रं भुंकत अंगावर आलं. मी त्याला मारायला दगड उचलला आणि फेकता येईना, कुठे लागेल कोण जाणे. शेवटी मी रस्त्यावर आडवा बसलो आणि ते माझ्यावर भुंकत राहिलं. ती बाजूने निघून गेली, पाऊल न चुकवता.

नाल्याच्या उतारावर मुरूम निसटतो. तिथे तिचा पाय सरकला. एकदाच, वीतभर. मी ओरडायला तोंड उघडलं आणि हातानेच दाबून धरलं. ती थांबली. गुडघे वाकवून तशीच उभी राहिली. मग हळू उठली आणि चालू लागली.

खदानीत म्हाताऱ्याने माठ उतरवून घेतला. तेव्हा ती खाली बसली आणि तिला उलटी झाली. मी पाणी दिलं. ती प्याली आणि म्हणाली, "मले एक डाव सांगतलं असतं त तीन वर्साआंधीच नेला असता म्या."

आम्ही टेकडीमागे गेलो. म्हाताऱ्याने वात लावली आणि पळत आला. आवाज आला तेव्हा पायाखालची जमीन हलली. झाडावरचे कावळे एकदम उठले. मग बराच वेळ गिट्टी पडत राहिली, आमच्या अलीकडेसुद्धा. म्हातारा म्हणाला, माझ्या सुरुंगाच्या नळ्यांचा आवाज एवढा नसतो, निम्मा तुमच्या बाटलीचा.

मी रुपीबाईकडे पाहिलं. ती डोक्यावरची चुंबळ काढून हातात धरून बसली होती.

खेमसिंग


तांडा, केळापूरजवळ
ता. ४ जून १९६२

साहेब,

शेवटच्या दोन पत्रांना तुमचं उत्तर आलं नाही. मी वाट पाहत नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मला कामावरून काढलं. रुपीबाईलाही. आता दोघं तांड्यात भावाच्या शेतावर आहोत. ठाणेदाराने बोलावून सांगितलं की शेठने तुमच्यावरची तक्रार मागे घेतली. वणीच्या पार्टीच्या कानावर सगळं गेलं आणि ते व्यवहार मोडायच्या बेतात होते, म्हणून घेतली म्हणतात. तुमच्यावर आता काही नाही. कागदावर तसं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. माझ्या खोट्या जबाबाचं काय होईल ते अजून ठरलेलं नाही. दर सोमवारी हजेरी द्यावी लागते. कोणी खाकी कपड्यातला तांड्याकडे येताना दिसला की मी हातातलं काम टाकून उभा राहतो. मानीबाईला सांगायला गेलो होतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डोया त नाई येत ना वापस." मग बसायला पाट दिला.

ठाण्यातून निघालो तो हजराबींकडे गेलो. या वेळी त्यांनी दार पूर्ण उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, सायकलच्या दुकानापाशी उभा होतो तेही. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तीन वर्सं झाली, माह्या भावानं एक ईद घरी केली नाई. लोकं इचारत, म्या म्हणो सुट्टी भेटत नाई."

मला वाटलं आता दार लावतील.

त्या म्हणाल्या, "येत्या इतवारी येऊन राह्यला थो. दुपारच्या मोटारीनं. पेट्या हायेत दोन, पुस्तकं बी हायेत. माह्याच्यानं उचलत नाई. येशीन का?"

मी येतो म्हणालो.

तुम्हाला आधी कळावं म्हणून हे पत्र आजच टाकतो. इतवारी मी मोटारीच्या अड्ड्यावर असेन, पाण्याच्या टाकीजवळ. तुमच्याकडे पाहून मी बोलू शकेन की नाही ते मला माहीत नाही. बाटली उचलली त्या दिवसापेक्षा जास्त भीती वाटते आहे. तुम्ही हाताने नको अशी खूण केलीत तर मी तिथूनच माघारी जाईन, आणि पेट्या न्यायला रुपीबाई पुढे होईल. ती येणार आहे.

खेमसिंग